परत आलेल्या शिपायाचे देणे

जो मनुष्य देशाच्या कामी गेला व पुढे घरी परतला, त्याला पोटाचा धंदा मिळवून देणे हे दान आहे की देणे आहे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. प्रश्न जुना आहे, परंतु तो आता खेड्याच्या वेशीशी येऊन ठेपला आहे. जून 2022 मध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. भरती झालेल्यांपैकी फार तर चौथा हिस्सा सैन्यात राहावयाचा, आणि बाकीच्यांनी चार वर्षांनी सुमारे 11 लाख 71 हजार रुपये घेऊन, निवृत्तिवेतनावाचून घरी यावयाचे, असे तीत ठरले. पहिल्या तुकड्यांचे शिक्षण जानेवारी 2023 च्या सुमारास सुरू झाले. म्हणजे त्यांची मुदत 2026 च्या अखेरीपासून भरू लागते.

तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे गाव घ्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गाजवळ ते आहे. फौज म्हणजे काय हे या रस्त्याने पाहिले आहे, कारण 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याने सोलापुराकडून येऊन नळदुर्गाजवळील बोरी नदीचा पूल घेतला. (निजामाच्या फौजेची चाकरी त्यानंतर संपली. हरलेल्या बाजूच्या शिपायालाही पोट असते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) समजा, येथला एक तरुण अठराव्या वर्षी भरती झाला आणि बाविसाव्या वर्षी परतला. तेवढ्यात त्याच्या एका सोबत्याने वायरमनचा धंदा शिकून घेतला, दुसऱ्याचा सोलापुरात गॅरेजमध्ये हात बसला, आणि त्याच्या वाट्याचे कोरडवाहू रान भाऊ करीत राहिला. सर्वांचे पाय कोठे ना कोठे टेकले. हाच एक उभा राहिला.

कित्येक म्हणतील, त्याने पगार घेतला, हिशेब मिटला. दुसरे म्हणतील, तो वीर आहे, त्याला बक्षीस द्या. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. पगार हा त्या चार वर्षांच्या श्रमाचा झाला. त्या वर्षांत जी जागा इतरांनी धरली, तिचा मोबदला त्यात नाही. आणि बक्षीस म्हटले की ते देणाऱ्याच्या मर्जीवर आले.

प्रादेशिक सेनेचा 1948 चा कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. नोकरीतील मनुष्यास लष्करी सेवेस बोलाविले, तर सेवा संपताच मालकाने त्यास परत कामावर घ्यावे, आणि तेही मध्ये खंड पडला नसता तर ज्या शर्ती त्यास मिळाल्या असत्या त्यांहून कमी नसलेल्या शर्तींवर, असे तो सांगतो. येथे शौर्याचे मोजमाप नाही. जे त्याने जाण्यामुळे गमावले ते भरून द्या, एवढीच भाषा आहे. परंतु हा कायदा ज्याला मालक होता त्याच्यापुरता. अणदूरच्या त्या तरुणाला कोणी मालक नव्हता, म्हणून त्याचे काही बुडालेच नाही, असे म्हणता येईल काय?

आपल्या जिल्ह्यास हा न्याय ओळखीचा असावा. राज्याच्या नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांस 5 टक्के, भूकंपग्रस्तांस 2 टक्के व माजी सैनिकांस 15 टक्के जागा राखल्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात ज्याचे घर पडले त्याला दाखला मिळाला, तो काही पराक्रमासाठी नव्हे. धरणाच्या पाण्याखाली ज्याचे शेत गेले, त्याचेही तसेच. शिपायाची वर्षे अशीच सर्वांच्या कामासाठी पाण्याखाली गेली आहेत.

यावर भूमिहीन शेजाऱ्याचा मुलगा विचारील की, मी उंचीत कमी पडलो म्हणून भरती झालो नाही. मग माझ्या वाटेची जागा त्याला का? हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणे आम्हांस बरे वाटत नाही. आमचे उत्तर इतकेच की, भरपाईला मर्यादा असते. गमावलेल्या वर्षांइतकी वयाची सूट द्यावी, धंदा शिकण्याची सोय करावी, एक वेळ पुढे घ्यावे. जन्मभर पुढे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या शिपायांसाठीच 1945 मध्ये सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली, आणि 1948 मध्ये ती सर्वांस खुली झाली. शिपायासाठी उघडलेले दार शेजाऱ्याच्याही कामी आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याहून मोठा अन्याय दृष्टीचा आहे. परतलेल्या मनुष्यास काय येते हे कोणी विचारीत नाही. त्याने बिनतारी यंत्र चालविले असो, अवजड वाहने दुरुस्त केली असोत की रुग्णांची शुश्रूषा केली असो, त्याला बँकेच्या दाराशी स्टूल टाकून देतात. पहारा प्रामाणिक काम आहे. पण सर्वांना तेच का? हा दोष आजचा नाही. 111 वी महार पलटण 1917 मध्ये उभारली आणि 1921 मध्ये मोडली. शिपाई घरी आले, आणि गावात त्यांच्यासाठी वतनाची वेठ तशीच होती. मुंबई राज्याने ते वतन रद्द करण्याचा कायदा केला तो 1958 मध्ये. त्याआधी, सुभेदार रामजी सकपाळ, जे महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, ते निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात गोरेगावच्या दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल झाले. ज्याने शाळा चालविली त्याला शाळा मिळाली नाही.

आता त्या 11 लाखांविषयी. ती रक्कम घरात येण्याआधीच तिच्यावर बहिणीचे लग्न, माळवदाची दुरुस्ती, चुलत्याचे कर्ज व एक मोटारसायकल अशा चिठ्ठ्या चिकटतात. गाव आपले देणे देत नाही, उलट मागणे घेऊन उभे राहते. आईबापांनी निदान दोन वर्षे, मुलाचा हात एखाद्या धंद्यात बसेपर्यंत, त्या पैशास हात लावू नये. भावानेही चार वर्षे केलेल्या रानाची वाटणी पंचांसमक्ष आधीच लिहून ठेवावी. आणि सुटकेची तारीख ठाऊक झाली की मुलाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी, ती घरी बसून सहा महिने झाल्यावर नव्हे.