शुश्रूषा आणि ममत्व

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५८ व्या श्लोकात भगवंतांनी स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव आपले अवयव सर्व बाजूंनी आत घेते, तसा ज्ञानी पुरुष आपली इंद्रिये विषयांपासून आवरून घेतो. ही उपमा निरोगी कासवाची आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. फार आजारी झालेल्या कासवाची मान व पाय शिथिल होऊन बाहेर पडून राहतात. स्पर्श झाला तरी ते त्यांना आत ओढू शकत नाही. आवरून घेणे हे दुर्बलतेचे नव्हे, बलाचे लक्षण होय.

चेन्नईतील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. पाठीवर ताऱ्यांसारखी पिवळी नक्षी असलेले ‘स्टार’ जातीचे कासव शुभ मानून कोणी घरात आणले आहे. मुलांचा त्याच्यावर जीव जडला आहे. टोपलीत, सावलीत त्याला ठेवले जाते. प्रेमाने भात भरवला जातो. काही महिन्यांनी ते अन्न सोडते, डोळे मिटून पडते, नाकातून पाणी गळू लागते. घर हवालदिल होते. पशुवैद्य सांगतात की, कासवाचे शरीर स्वतःची पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. सूर्याच्या उबेवाचून त्याचे पचनही नीट चालत नाही. उन्हाच्या आणि योग्य आहाराच्या अभावी त्याचे कवचसुद्धा मऊ पडते. मग औषधाबरोबर उथळ कोमट पाण्यात बसविणे, सकाळचे ऊन देणे, गवत व हिरवा पाला पुढे ठेवणे, असा क्रम सुरू होतो. त्याला घाई चालत नाही. कित्येक आठवड्यांनी एके सकाळी ते मान बाहेर काढून पानाचा तुकडा तोडते आणि घरात सण साजरा होतो.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. हे वाचलेले कासव आता कोणाचे?

गृहस्थ म्हणेल, “आम्ही रात्री जागलो, पैसा वेचला, ते आमचेच.” हे म्हणणे हृदयातून आलेले आहे, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. तथापि ज्या आजारातून कासवाला वाचविले, तो आजार कोठून आला? ज्या हातांनी त्याला ऊन दिले, त्यांनीच आधी त्याचे ऊन हिरावले होते. शुश्रूषा हे येथे उपकाराचे कृत्य नसून ऋणाची फेड आहे. आणि ऋण फेडणाऱ्याला सावकाराच्या वस्तूवर हक्क सांगता येत नाही.

भागवताच्या पंचम स्कंधातील भरत राजर्षीची कथा सर्वांस ठाऊक आहे. गंडकीच्या प्रवाहात पडलेले मातृहीन हरिणशावक त्याने वाचविले. त्यात दोष नव्हता. ते मरू देणे हाच अधर्म झाला असता. पुढे मात्र “हे माझे” ही भावना वाढली, नित्यकर्म सुटले, अंतकाळी चित्तात हरीऐवजी हरिणच राहिले आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. ह्या कथेचा बोध दया टाकावी असा नसून दयेच्या पोटी जन्मणारे ममत्व वेळीच ओळखावे असा आहे. तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी व गृह ह्यांच्याविषयीही अनभिष्वंग सांगितला आहे. जो घरच्या माणसांविषयी हवा, तो मुक्या जीवाविषयी का नको?

व्यवहारही हेच सांगतो. ह्या जातीच्या चोरट्या व्यापारामुळे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने तिच्या व्यापारावर कडक बंदी घातली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने असे कासव घरी बाळगणे निषिद्ध आहे. पण म्हणून ते जवळच्या देवळाच्या तळ्यात सोडून देणे हाही धर्म नव्हे. हे जमिनीवरचे कासव आहे, ते तेथे बुडून मरेल. सात्त्विक दानाला देश, काल व पात्र पाहावे लागते, तसेच सोडण्यालाही. त्याला वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय.

त्याच नगराच्या समुद्रकिनाऱ्यावर निराळे दृश्य दिसते. १९८८ पासून तेथील विद्यार्थी व स्वयंसेवक कासवांच्या विणीच्या मोसमात रात्री वाळू तुडवीत हिंडतात, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सुरक्षित जागी नेऊन पुरतात. सुमारे दीड महिन्याने पिले बाहेर येतात आणि त्यांना लगेच लाटांकडे सोडले जाते. त्यांपैकी एकही पिलू परत येऊन त्यांना ओळखणार नाही. तरीही पुढल्या वर्षी ते पुन्हा चालतात. निष्काम कर्म ह्याहून निराळे काय असते?

आपल्या संतांनी कासवीच्या दृष्टीचा दृष्टांत वारंवार दिला. ती दूर राहून केवळ दृष्टीने पिलांना पोसते, अशी त्यांची कल्पना. प्राणिशास्त्र काहीही सांगो, दुरूनही प्रेम करता येते हा त्यातला अर्थ खरा आहे. गृहस्थाने दुःखी जीवाकडे हात अवश्य पुढे करावा. त्याचे दुःख सरताच तोच हात कासवाप्रमाणे आवरून घेण्याचे बळ भगवंतांनी आपणा सर्वांस द्यावे.