ताठ उभे राहा. पण कोणाच्या बळावर?

जॉर्डन पीटरसन हे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ. टोरांटो विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. उत्पत्तीच्या पुस्तकावर २०१७ साली त्यांनी दिलेली व्याख्याने गाजली आणि २०१८ साली निघालेले जीवनाच्या बारा नियमांवरील त्यांचे पुस्तक जगभर लाखोंनी वाचले. आपल्या तरुणांच्याही कानी हे नाव येते. म्हणून त्यांच्या एका विचाराची शास्त्राच्या प्रकाशात पारख करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पीटरसन म्हणतात, वरचा-खालचा ही उतरंड माणसाने काल-परवा निर्माण केलेली नाही. कोकण-गोव्याकडे ज्याला शेवंड म्हणतात, त्या समुद्रजीवांतही ती आहे. झुंजीत जिंकलेला जीव अंग ताणून वावरतो, हरलेला अंग चोरून घेतो. या फरकाशी संबंधित असलेले सेरोटोनिन हे द्रव्य माणसाच्या मेंदूतही आहे. म्हणून त्यांचा पहिलाच नियम : खांदे मागे घेऊन ताठ उभे राहा.

खचलेल्या तरुणाला असा धीर देणे भलेच. उतरंडीत दुबळे मागे पडतात, हेही पीटरसन नाकारत नाहीत. परंतु एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही. भावाचा हेवा काइनाइतका जुना आहे! पीटरसन कर्तबगारीच्या उतरंडीविषयी बोलतात, जन्माच्या नव्हे, हे खरे. पण वरच्या पायरीवर बसलेला मनुष्य आपली पायरी नेहमी कर्तबगारीचीच समजतो. आपल्या देशाने जातीच्या रूपाने हे पुरेपूर पाहिले आहे.

लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री भेटते. तिला आपल्या बळावर सरळ होताच येत नव्हते. प्रभूने तिला नियम सांगितला नाही. जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवले, आणि ती ताठ उभी राहिली. रागावला कोण? सभास्थानाचा अधिकारी, म्हणजे त्या उतरंडीत वर बसलेला! प्रभूने मात्र तिला अब्राहामाची कन्या म्हटले. हा मान तिने कोणतीही झुंज जिंकून मिळवलेला नव्हता.

याकोब व योहान यांनी मानाच्या जागा मागितल्या, तेव्हाही प्रभूने मोठेपणाची इच्छा मोडली नाही. मोठेपणाची वाट सेवेकडे वळवली.

मग आपल्या मंडळीत काय चालते? पुढची खुर्ची कोणासाठी राखली जाते? लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच का विचारली जाते? संडे स्कूलमध्ये वचने घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे कौतुक जरूर व्हावे. पण शेवटच्या ओळीत अंग चोरून बसलेल्या मुलाजवळ शिक्षकाने जाऊन बसावे. त्याला ताठ बसण्यास सांगण्याआधी, तो कोणाचे लेकरू आहे हे त्याला कळू द्यावे. त्यासाठी आपणांसच थोडे वाकावे लागेल. तशी कृपा प्रभू आपणां सर्वांस पुरवो.