कॅमेऱ्याला दिसते ते आणि खेळाडूला ठाऊक असते ते



रात्री जागून फुटबॉलचे सामने पाहणारी घरे आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. गोल होतो, सारे उठून ओरडतात आणि तेवढ्यात पंच कानाला हात लावून थांबतो. दूर एका खोलीत पडद्यासमोर बसलेले पंच तोच क्षण पुन्हा पाहत असतात. दोन-तीन मिनिटे कोणालाच कळत नाही, आनंद करायचा की नाही! हा व्हिडिओ पंच हवा की नको, यावरून बापलेकांत वाद होतात. वाद खेळाचा वाटतो, पण त्यात न्याय आणि सत्य हे दोन मोठे प्रश्न दडले आहेत. म्हणून आज त्यावर थोडा विचार करू या.

यंत्राची गरज का पडली, हे आधी मान्य करायला हवे. २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेत जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला. घरबसल्या जगाने तो पाहिला, पंचांना मात्र दिसला नाही. पुढे २०१४ च्या विश्वचषकात गोलरेषेवर यंत्र आले आणि तो वाद मिटला. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, एवढाच प्रश्न असेल तर यंत्र माणसापेक्षा चांगले उत्तर देते. त्यात कोणाचा अपमान नाही.

पण २०१८ मध्ये व्हिडिओ पंच खेळाच्या नियमांतच आला आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात वापरला गेला, तेव्हा प्रश्न अवघड झाले. फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्या अंतिम सामन्यात चेंडू पेरिसिचच्या हाताला लागला. पंच पिताना मैदानाकडेच्या पडद्यापाशी गेले, पाहिले, निघाले, पुन्हा वळून पाहिले आणि पेनल्टी दिली. फ्रान्सने सामना ४-२ असा जिंकला. तो हात मुद्दाम होता का? संथ गतीने पाहिले की कोणताही हात मुद्दाम पुढे आल्यासारखा वाटतो, कारण खऱ्या क्षणी खेळाडूला न मिळालेला वेळ आपण पडद्यावर त्याला देतो. हेतू हा काही चित्रात उमटत नाही. पापाचा विचार करताना कृती आणि हेतू वेगळे तोलावेत, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणात शिकलोच आहोत.

ऑफसाइडचे तर विचारूच नका. सेकंदाला पन्नास चित्रे घेणारा कॅमेरा असेल आणि खेळाडू सेकंदाला आठ मीटर धावत असेल, तर दोन चित्रांच्या मध्ये तो सोळा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तरीही कितीतरी गोल बोटभर अंतरावरून रद्द झाले. आता चेंडूतच संवेदक बसवतात, त्यामुळे अचूकपणा वाढला आहे, हे खरे. पण यंत्र चालवतो माणूसच. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासने केलेला गोल मैदानावर ऑफसाइड ठरवला गेला. पडद्यावर तो योग्य दिसत होता. व्हिडिओ पंचांचा मात्र समज झाला की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले. खेळ पुन्हा सुरू झाला आणि नियमाप्रमाणे मागे जाता येईना. सत्य सर्वांसमोर होते, तरी निर्णय चुकीचाच राहिला.

आम्हाला या वादात एक गोष्ट सारखी खटकते. पंच आणि यंत्र यांच्याविषयीच सगळे बोलतात. ज्याला सत्य पहिल्यापासून ठाऊक असते, त्या खेळाडूविषयी कोणी बोलत नाही. १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसमध्ये आयर्लंडविरुद्ध थिएरी हेन्रीने चेंडू हाताने अडवला आणि सहकाऱ्याकडे दिला. गोल झाला, फ्रान्स विश्वचषकाला गेला, आयर्लंड घरी राहिले. सामन्यानंतर हेन्रीने हात लागल्याचे कबूल केले, पण आपण पंच नाही, असेही म्हटले. सामना पुन्हा खेळवणे न्याय्य ठरेल, असे तो दोन दिवसांनी म्हणाला. तोवर उशीर झाला होता.

याउलट २६ सप्टेंबर २०१२ रोजी लाझिओचा मिरोस्लाव क्लोजे नापोलीविरुद्ध गोल करून थांबला आणि चेंडू हाताला लागल्याचे त्याने स्वतःच पंचांना सांगितले. गोल रद्द झाला. नापोलीच्या खेळाडूंनी त्याचे हात हाती घेतले. लाझिओ ०-३ ने हरले.

आज तिथे व्हिडिओ पंच असता, तर क्लोजेला बोलावेही लागले नसते. कोणी म्हणेल, मग यंत्राने प्रामाणिकपणाची संधीच हिरावली. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. हेन्रीने केव्हातरी खरे बोलावे म्हणून आयर्लंडने किती वेळा घरी राहायचे? ज्याच्यावर अन्याय होतो, त्याला दुसऱ्याच्या सद्गुणाची वाट पाहायला लावणे बरे नव्हे. यंत्र राहू द्यावे, उघड चुकांपुरते. २०२४ मध्ये इंग्लंडच्या वीसपैकी एकोणीस क्लबांनी ते ठेवण्याच्याच बाजूने मत दिले. स्वीडनच्या क्लबांनी मात्र ते नाकारले. तिथे क्लबांची सूत्रे सभासदांच्या हाती असतात आणि त्यांना खेळ असा थांबलेला नको होता.

आपली मुले मैदानात खेळतात तेव्हा तिथे ना पंच असतो, ना कॅमेरा. 'माझा हात लागला' असे एखादा म्हणाला, तर त्याच्याच बाजूची पोरे त्याला काय म्हणतात आणि कडेला उभे असलेले आपण मोठे काय म्हणतो, हे जरा कान देऊन ऐकावे.