हाकेतला ठाव

गजेंद्राने सरोवरातून हाक मारली तेव्हा आपण कोठे आहोत हे त्याने सांगितले नाही, आणि ऐकणाऱ्यानेही ते विचारले नाही. हाक पोहोचली, त्यातच ठावही पोहोचला. साधकहो, तळ्यांच्या या भंडारा जिल्ह्यात, सानगडीच्या किल्ल्याच्या सावलीत, त्या हाकेचे चिंतन करता करता तिचा एक पदर मला सॅटेलाइट फोनने उलगडून दाखवला.

परवान्याचा असा फोन घेऊन कोणी या किल्ल्यावर उभा राहिला, तर सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून जाणारा इरिडियमच्या 66 उपग्रहांच्या माळेतला एखादा मणी, संभाषण सुरू होण्याआधीच, फोनची अल्पशी हाक ऐकतो. ती आपल्या 48 झोतांपैकी कोणत्या झोतात आली यावरून प्रदेश कळतो, पोहोचायला सेकंदाचे किती हजारांश लागले यावरून अंतर कळते, आणि तिचा सूर किती चढला वा उतरला यावरून हाक मारणारा वाटेत पुढे आहे की मागे पडला हे कळते; सौंदडच्या फाटकाशी गाडी जवळ येताना तिचा भोंगा चढा आणि दूर जाताना पडेल वाटतो, तसेच हे, फक्त येथे भोंगा स्थिर आणि ऐकणारा सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावणारा. (1957 मध्ये स्पुटनिकच्या अशाच बदलत्या सुरावरून अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याची कक्षा शोधली होती.)

तरीही हाक एकदाच ऐकली तर ठाव दोन निघतात, उपग्रहाच्या मार्गाच्या उजवीकडे एक आणि डावीकडे त्याचे प्रतिबिंब. त्यांतला खरा कोणता हे झोत सांगतो, आणि मग जो ठाव उरतो तोही काही किलोमीटरांच्या परिघाचा असतो.

थुराया या दुसऱ्या सेवेचा उपग्रह मात्र विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटरांवर पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून भूमीवरून तो स्थिर भासतो. त्याला सुराचा चढउतार फारसा उपयोगी नाही, म्हणून फोनच जीपीएसने आपला ठाव काढतो आणि हाकेबरोबर कळवतो. ही हाक अधिक अचूक, पण माझ्या मते गजेंद्राच्या हाकेहून किंचित उणी, कारण तिला ठाव सांगावा लागतो.

शिवाय ही यंत्रणा ठाव ओळखते ती धावून येण्यासाठी नव्हे, तर दर कोणता लावायचा आणि फोन असेल त्या देशातून बोलू द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर हल्लेखोरांनी वापरलेल्या ‘कुबेर’ बोटीवर थुरायाचा फोन सापडला. आपल्याकडे या फोनांवरची नजर तेव्हापासून अधिकच कडक आहे. 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना उपग्रहाशी बोलणारी यंत्रे जवळ बाळगल्याबद्दलच पकडले गेले, हाक मारण्याची पाळी येण्याआधीच.