चौथी भाकरी

चुडाव्याचा एक मुलगा रोज सकाळच्या गाडीनं नांदेडला कॉलेजात जायचा. आजी पहाटेच ज्वारीच्या भाकरींची चवड दुरडीत रचून ठेवायची. तो उभ्याउभ्या पाच मिनिटांत चार भाकरी संपवायचा आणि स्टेशनाकडं धावायचा. गाडीत बसला की पोट जड व्हायचं आणि वर्गात डोळे मिटायचे.

एका रविवारी आजीनं आधी भाकरी केल्याच नाहीत. तो पाटावर बसल्यावर तिनं पहिली थापायला घेतली. एक ताटात पडे, दुसरी तव्यावर असे. तोवर तो तुरीचं वरण, मेथीची भाजी, कांदा चावून चावून खात राहिला. तिसरी आली आणि अर्धीच संपली.

"बस आजी, पोट भरलं!" त्याचं त्यालाच नवल वाटलं. "रोज चार लागतात, आज काय झालं?"

नर्सिंग शिकणारी ताई सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "अरे, पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक निघतं. मेंदूला ते 'भूक लागली' असं कळवतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 साली शोधलं. अन्न लहान आतड्यात उतरलं, की आतड्याच्या अस्तरातून दुसरे निरोपे निघतात: कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-1, पीवायवाय. रक्तातून आणि मज्जातंतूंतून ते मेंदूला सांगतात, 'आता पुरे.' जठरातलं अन्न ते हळूहळू पुढं सोडायला लावतात. 'आता पुरे' हा निरोप नीट पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. तू पाच मिनिटांत उठतोस. निरोप पोचतो, तेव्हा तू गाडीत असतोस!"

आजी चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणाली, "मला ही नावं ठाऊक नव्हती, लेकरा. पण सिग्नल बघितल्याबिगर गाडी पुढं काढू नये, एवढं स्टेशनाजवळ राहून कळलं."

सोमवारी मुलगा अर्धा तास आधी उठला. पाटावर बसून सावकाश जेवला. चौथी भाकरी त्यानं आपल्या हातानं फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली आणि रमतगमत स्टेशनाची वाट धरली.

तात्पर्य: पोट 'पुरे' म्हणतंच, ते ऐकू येईपर्यंत घास सावकाश घ्यावा.