वर्गातल्या नाटकात भूमिका कोण वाटतं?

आठवीत असताना मराठीच्या तासाला आम्ही एक धडा नाटक करून दाखवला होता. कर्जात बुडालेला शेतकरी आणि त्याच्या दारात वसुलीला आलेला सावकार, असा प्रसंग. सावकार मी झालो. माझा आवाज मोठा होता आणि माझी मराठी 'शुद्ध' होती. शेतकऱ्यासाठी मॅडमनी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाला उठवलं. तो मालेगावजवळच्या खेड्यातून रोज एसटीनं यायचा, घरी अहिराणी बोलायचा. त्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्याच रंगाचं होतं. त्यानं विचारलं, "मॅडम, मी काय करू?" मॅडम हसून म्हणाल्या, "तू काही करू नको. आहेस तसाच उभा राहा."

वर्ग हसला. मीही हसलो. मग मी त्याच्यावर ओरडलो, बोट रोखलं, काठी आपटली. टाळ्या पडल्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता कळलं ना शेतकऱ्याचं दुःख?"

मला काय कळलं होतं? खरं सांगायचं तर, एखाद्यावर ओरडायला मजा येते, एवढंच.

मॅडम चांगल्या होत्या, हे आधीच सांगतो. गाइडमधली उत्तरं उतरवून देण्यापलीकडे जाऊन शिकवणाऱ्या आमच्या शाळेत त्या एकट्याच असाव्यात. म्हणून हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही. त्या दिवशी त्यांच्या आणि आमच्या नजरेतून जे सुटलं, त्याबद्दल आहे.

साहित्य नाटकातून शिकवावं, हे मला मनापासून पटतं. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही कलेची सांगड घालून शिकवायला सांगतं. समजावून सांगितलेला धडा पेपरपुरता पाठ होतो. तोच धडा तोंडानं बोलायचा म्हटलं की अडायला होतं. हे वाक्य रागानं म्हणायचं की थकून? हा माणूस इथे गप्प का बसला? हे प्रश्न पडायला लागले की वाचन सुरू होतं. पण नाटकाच्या बाजूनं आणखी एक दावा केला जातो: दुसऱ्याची भूमिका केली की दुसरा माणूस कळतो. तिथे मी थांबतो. कारण मी सावकार केला, शेतकरी माझ्यासमोर उभा होता, आणि मला त्या दोघांपैकी कोणीच कळलं नाही.

प्लेटोला या गोष्टीची भीती वाटत होती. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो की लहानपणापासून केलेली नक्कल सवय होऊन जाते, आवाजात आणि विचारात मुरते. म्हणून राज्याच्या रक्षकांनी गुलामांची, भित्र्यांची, वाईट माणसांची नक्कल करू नये. त्याचा उपाय मला मान्य नाही. असल्या बंदीतून फक्त स्वतःवर खूश असलेली माणसं तयार होतील. पण त्याची भीती खोटी नाही. फक्त त्याचं सगळं लक्ष भूमिका करणाऱ्याच्या मनावर आहे. ज्याला भूमिका चिकटवली जाते, त्याचं काय?

याचं उत्तर मराठीत विजय तेंडुलकरांनी 1967 साली देऊन ठेवलंय. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये मुंबईची एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. ठरलेला खटला अणुशस्त्रांवरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर असतो. पण गावातल्या सामंतला ऐनवेळी साक्षीदार करायचंय, आणि त्यानं कोर्ट कधी पाहिलेलं नाही. त्याला शिकवायला म्हणून एक खोटा खटला उभा राहतो. आरोपी कोण? लीला बेणारे. ती त्या क्षणी खोलीत नसते. ती आत असताना बाकीचे ठरवून टाकतात. आरोप भ्रूणहत्येचा. 'खेळच तर आहे' म्हणत म्हणत तिचं खासगी आयुष्य उघडं पाडलं जातं.

बेणारे शिक्षिका आहे. ती भूमिका गाजवलेल्या सुलभा देशपांडे स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत असत आणि पुढे 'आविष्कार'च्या 'चंद्रशाला'तून त्यांनी मुलांबरोबर नाटकं केली. हे नाटक वर्गाबद्दल नाही, तरी मला ते वर्गाबद्दलचंच वाटतं. काहीतरी शिकवण्यासाठी केलेला खेळ, सगळ्यांनी मिळून वाटलेल्या भूमिका, आणि जिला विचारलंच नाही अशी एक व्यक्ती.

आमच्या गॅदरिंगमधल्या नाटुकल्यांत अतिरेक्याला गोल टोपी आणि दाढी लावायची, हे कोणाला ठरवावंही लागत नसे. मोसम नदीच्या अलीकडची आमची मराठी शाळा. पलीकडची मुलं उर्दू शाळांत, त्यामुळे आक्षेप घ्यायला वर्गात कोणी नव्हतंच. त्याच काळात 2006च्या मालेगाव स्फोटांच्या खटल्यात मुस्लीम तरुण आरोपी म्हणून तुरुंगात होते. 2016 मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. नाटुकल्यातल्या टोपीचा फेरविचार कोणी केल्याचं मला आठवत नाही.

मग नियम असा करायचा का, की कोणाला त्याच्या आयुष्याशी जुळणारी भूमिका देऊच नये? गरीब मुलाला गरीब करू नये? मला आधी तसंच वाटायचं. पण एक उदाहरण याच्या आड येतं. जुलै 1942 मध्ये वॉर्साच्या घेट्टोत यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या ज्यू मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं. त्यातला आजारी अमल घरात कोंडलेला आहे. तो खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट बघतो. करणारी मुलंही कोंडलेलीच होती. काही आठवड्यांत नाझींनी कोर्चाक आणि त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेऊन मारलं. अमलची भूमिका त्या मुलांच्या आयुष्याच्या इतकी जवळ होती की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण तो त्यांचा अपमान नव्हता.

फरक कुठे आहे? ते नाटक त्या मुलांसाठी होतं. त्यांच्या कोंडलेपणाला त्यातून शब्द मिळत होते. आमच्या वर्गात तो मुलगा आमच्यासाठी उभा होता. आम्हाला दुःख 'कळावं' म्हणून त्याचा नमुना म्हणून वापर झाला. त्याला स्वतःला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आलाच नाही.

याच्या उलट गोष्ट आमच्याच गावात घडलेली आहे. 2000 साली नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे पॉवरलूमवर राबणारा, किरकोळ अंगाचा शफीक मालेगावचा सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात तो दिसतो. त्यांच्यावरचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ही माणसं स्वतःच्या गरिबीवर विनोद करतात आणि आपण पोट धरून हसतो. तरी ते हसणं आमच्या वर्गातल्या हसण्यासारखं नाही. 'आहेस तसाच उभा राहा' असं शफीकला कोणी म्हटलं नव्हतं. तो जे नव्हता ते त्याला व्हायचं होतं, आणि त्यानं ते केलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'रोल' म्हणजे कोणाला काय करायची परवानगी आहे त्याची यादी. कोणाला कोणता रोल मिळालाय हे सगळे बघतात. सुरक्षेचा विचार करणारा आधी वेगळंच विचारतो: रोल वाटायचा अधिकार कोणाकडे आहे? वर्गातही पहिला प्रश्न हाच असायला हवा.

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी यावर एक साधी पद्धत काढली. प्रसंग एकदा करून दाखवायचा. मग तोच पुन्हा सुरू करायचा आणि बघणाऱ्यांपैकी कोणीही 'थांबा' म्हणून पात्राची जागा घेऊ शकतो. साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात हे कसं जमणार, असं कोणी शिक्षक विचारतील, आणि ते बरोबरच विचारतील. पण यासाठी कपडे, रंगमंच, गॅदरिंग काही लागत नाही. एकच पान घ्यायचं, दोन मुलं उभी करायची, पाच मिनिटांनी भूमिका बदलायच्या. 'नको' म्हणायची मुभा प्रत्येकाला ठेवायची. आणि शेवटी 'दुःख कळलं का?' असं न विचारता 'हे वाक्य तू असं का म्हटलंस?' असं विचारायचं.

भूमिका बदलणं म्हणजे गरीब मुलावर उपकार, असं कोणाला वाटत असेल तर पुढचं वाचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो तेव्हा तो मला बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर भेटला. मीच त्या नाटकाचा विषय काढला. मला माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते सुचत नव्हतं. तो म्हणाला, "मला सावकार करायचा होता रे. तुझे सगळे संवाद मला पाठ होते."

मी म्हटलं, करून दाखव. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि बोलायला लागला. तो ओरडला नाही. आधी पोरांची शाळा विचारली, मग बैलाची तब्येत, मग पाऊस. आवाज एकदम मऊ, घरच्यासारखा. आणि त्याच आवाजात, जाता जाता, पैशांचं विचारलं.

"आमच्याकडे येणारा कधी ओरडला नाही," तो म्हणाला. "चहा पिऊन जायचा."

मी घरी येऊन तो धडा शोधून पुन्हा वाचला. त्यात सावकार ओरडतो असं लेखकानं कुठेच लिहिलेलं नाही. ते मी घातलं होतं, आणि सगळ्या वर्गानं तेच खरं मानलं होतं. धडा ज्याला कळला होता, त्याला आम्ही गप्प उभं केलं होतं.