थवा कोणी उडवला?

अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात भरतीचे पाणी चढू लागले, की ओहोटीच्या चिखलात पांगलेले चिखल्या, टिलवे, तुतवार आणि एखाददुसरा कोरल कोरड्या वाळूच्या पट्टीवर गोळा होतात. चोच पाठीच्या पिसांत खुपसून, एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. या पक्ष्यांचे खाणे आणि झोपणे दिवस-रात्रीवर नव्हे, भरती-ओहोटीवर चालते. पाणी उतरले की खायचे, चढले की विसावायचे. छायाचित्रकारालाही हीच वेळ सोयीची, कारण पक्षी दाटीने आणि जवळ असतात. थवा उडाला तर आणखी चांगले. शेकडो पंख एकदम वळतात आणि पोटाकडची पांढरी बाजू उन्हात लखलखते. मग घरी संगणकावर सावल्या उजळतात, दाणेदारपणा जातो, चौकट कातरली जाते. वाद सुरू होतो तो इथे: इतके हात फिरवल्यावर हे चित्र खरे म्हणायचे का? मला वाटते, हा प्रश्न आपण उशिरा विचारतो. चित्राच्या खरेपणाची पहिली तपासणी वाळूवर व्हायला हवी.

योगसूत्रांत यमांचा, म्हणजे आचरणाच्या नियमांचा, क्रम अहिंसा, सत्य, अस्तेय असा लागतो आणि त्यावरचे व्यासभाष्य सत्याचा अर्थ लावताना सांगते की प्राण्यांच्या घाताला कारण होणारी वाणी सत्य दिसली तरी सत्य नव्हे. अस्तेय म्हणजे न दिलेले न घेणे. वाळूवर झोपलेल्या चिखल्याकडून काय घेतले जाते, हे नीट पाहायला हवे. या चिखल्यांतले काही लडाख-तिबेटच्या पठारावर वीण करून इथे येतात आणि वसंतात परत जातात. त्या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगावर साठलेली चरबी, आणि विनाकारण घेतलेली प्रत्येक भरारी ती थोडी जाळते. त्यात उरणच्या बाजूला पाणजे, भेंडखळसारख्या पाणथळी भराव टाकून आणि भरतीचे पाणी अडवून आक्रसत गेल्या आहेत. उठवलेल्या थव्याने बसायचे तरी कुठे? उडत्या थव्याच्या चित्रात एकही बिंदू बदललेला नसेल, तरी तो बहिरी ससाण्याच्या झडपेने उडाला की कोणी अंगावर धावत गेल्याने, हे मूळ फाइल कधीच सांगत नाही. पाहणारा मात्र त्याला मुक्त आकाशातला आनंद समजतो. असे अस्पर्श चित्र मला सर्वांत खोटे वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग चौकट निवडणे हेही खोटेच. चौकटीबाहेरचे सगळे आपण टाकतोच. इथे जैन विचारातला नय उपयोगी पडतो. एका बाजूने पाहिलेले अपुरे असते, खोटे नसते. इतर बाजूंना नाकारले की तो दुर्नय होतो. कातरणे हा नय आहे. सावली उजळणे तर बहुतेक वेळा डोळ्याला दिसलेले परत आणणेच असते. तापलेली वाळू आणि पक्ष्याच्या पोटाखालची सावली डोळा एका नजरेत सामावतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. पण पायात गुंतलेला जाळ्याचा नायलॉनचा धागा पुसणे म्हणजे त्या किनाऱ्याची साक्ष फिरवणे. आणि धूसर पिसे यंत्राकडून रेखीव करून घेणे मला त्याहून घातक वाटते. छोटा टिलवा आणि तांबड्या मानेचा टिलवा हिवाळी पिसाऱ्यात इतके सारखे असतात, की ओळख चोचीच्या आणि पायांच्या किरकोळ फरकावर येऊन ठेपते. तिथे यंत्राने अंदाजाने भरलेली रेघ पक्ष्याच्या अंगावर कधी नव्हतीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रे पाहूनच लोकांना हे पक्षी आपले वाटू लागतात, अभ्यासकांनी पायात अडकवलेल्या कड्यांवरचे आणि झेंड्यांवरचे आकडे चित्रांतून वाचता येतात. शिवाय कालवे-शिंपल्या वेचणाऱ्या बायका आणि कोळी रोज त्याच चिखलातून जातात, त्यांना कोण विचारते? पहिला भाग मला मान्य आहे, पण लांब भिंगाने दुरून बसून घेतलेले चित्र तेच काम करते. बायकांची गोष्ट वेगळी आहे. त्या वाकून, आपल्या कामात, आपल्या वाटेने जातात. पक्ष्यांवर नजर रोखून सरळ चाल करत नाहीत. त्यांना पोट आहे, पक्ष्याला पोट आहे, आणि तोच चिखल दोघांना पोसतो. आपली, छायाचित्रकारांची, भूक त्या जातीची नाही.

टिटवीचेच पाहा. तीही चिखल्यांच्याच कुळातली, आणि अंडी उघड्या जमिनीवर घालते. उन्हाळ्यात ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी निववते. कोणी जवळ ठाण मांडले तर ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, पंख पसरलेले सुरेख चित्र मिळते आणि तेवढा वेळ अंडी तापत राहतात. त्या चित्राखाली नेमकी जागा लिहिली, की दुसऱ्या दिवशी आणखी दहा जण येतात. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने लपलेली माणसे कुठे गेली ते लुटारूंना खरेखरे सांगितले. ती मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. घरट्याच्या चित्राखाली जागेचे नाव न लिहिणाऱ्याला आपण अपुऱ्या नोंदीचा दोष देतो. माझ्या मते त्याने व्रत कौशिकापेक्षा नीट पाळले आहे. त्याने लिहायचे ते एवढेच: किती दूर बसलो, किती वेळ थांबलो, आणि उठताना टिटवी अंड्यांवर होती की हवेत.